एन्क्लेव्हच्या तुटपुंज्या मेमरीचा हिशेब: लिनक्समधील एसजीएक्स ड्रायव्हर दोन महिने वापरून पाहिल्यावर

मालवणच्या किनाऱ्यावर प्रत्येक तांडेलाजवळ, म्हणजे नौकेच्या मुख्य खलाशाजवळ, एक वही असते. कोणत्या खडकात जाळे अडकून फाटले, किती वाव पाण्यात सुरमई मिळाली, जाऊन येऊन किती डिझेल जळले, हे सारे त्या वहीत असते आणि ती वही तो सख्ख्या भावालाही सहजासहजी दाखवत नाही. अलीकडे वहीची जागा जीपीएसमधल्या नोंदींनी घेतली आहे, पण राखण तीच आहे. आमच्या गटात अठरा यांत्रिक नौका आहेत. या सगळ्यांना एकच गोष्ट सामाईक हवी होती, ती म्हणजे जाळी फाडणाऱ्या जागांचा एकत्रित नकाशा. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या नोंदी द्यायच्या, पण त्या दुसऱ्या कोणाला दिसता कामा नयेत आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या मलाही दिसता कामा नयेत, ही सर्वांची अट होती. पहिल्याच बैठकीत एका वयस्क तांडेलकाकांनी मला सरळ विचारले, "माझी जागा तुका तरी दिसतली काय?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता यावे म्हणून मी इंटेलच्या एसजीएक्सकडे वळलो (प्रोसेसर मेमरीत 'एन्क्लेव्ह' नावाची एक बंद खोली तयार करतो, जिच्यातले ऑपरेटिंग सिस्टिमलाही दिसत नाही, ते हे तंत्र) आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, नौका शाकारून ठेवलेल्या असताना, संपूर्ण व्यवस्था उभी करून तपासली.

एसजीएक्सविषयी लिहिणारे बहुतेक जण प्रोसेसरविषयी किंवा एन्क्लेव्हमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामविषयी लिहितात. मधला जो थर, म्हणजे लिनक्स कर्नेलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, तो मेमरी कशी वाटतो, कशी परत घेतो आणि कुठे कमी पडतो, यावर मराठीत मला काहीच वाचायला मिळाले नाही. माझ्या दोन महिन्यांतला निम्म्याहून अधिक वेळ याच थराशी झुंजण्यात गेला, म्हणून हा आढावा फक्त त्याचा आहे.

ड्रायव्हर विकत घ्यावा लागत नाही आणि वेगळा बसवावाही लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या लिनक्स ५.११ पासून तो मूळ कर्नेलमध्येच आहे. तिथवर पोहोचायला त्याला जवळजवळ पाच वर्षे लागली. पहिले पॅच (कोडमधले प्रस्तावित बदल) २०१६ मध्ये पाठवले गेले आणि यार्को साक्किनेन यांच्या पुढाकाराने चाळीसहून अधिक आवृत्त्या परीक्षणातून गेल्या. इतक्या फेऱ्यांचा परिणाम कोड वाचताना जाणवतो. कुठल्या कुलुपाखाली (लॉकखाली) काय चालते हे टिप्पण्यांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि अनावश्यक चतुराई जवळजवळ कुठेही नाही. मी उबंटू २२.०४ बरोबर येणारे ५.१५ कर्नेल वापरले.

एक अडचण मात्र खरेदीआधीच ओळखायला हवी. मूळ कर्नेलमधला हा ड्रायव्हर फ्लेक्सिबल लॉन्च कंट्रोल असलेल्या प्रोसेसरवरच चालतो, म्हणजे कोणत्या स्वाक्षरीचे एन्क्लेव्ह सुरू होऊ द्यायचे हे ठरवणारी रजिस्टरे ज्याच्यावर कर्नेलला लिहिता येतात अशाच प्रोसेसरवर. मला जुना संगणक विकणाऱ्या दुकानदाराने "एसजीएक्स आहे" असे सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते, पण त्या यंत्रात ही सोय नव्हती, त्यामुळे ड्रायव्हरने ते यंत्र नाकारले आणि माझे दहा दिवस वाया गेले. शेवटी इंटेलच्या झिऑन ई-२१०० मालिकेतल्या प्रोसेसरचा एक वापरलेला सर्व्हर घेतला आणि त्याच्यावर काम सुरू झाले.

आता मूळ विषय. २०१५ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांबरोबर आलेल्या या तंत्रात मेमरीचा एक तुकडा बायोस सुरुवातीलाच प्रोसेसरसाठी राखून ठेवते. माझ्या यंत्रावर तो १२८ एमबी आहे. त्यातला पाव भागाहून थोडा अधिक हिस्सा अखंडतेची (मजकूर बाहेरून बदललेला नाही याची) पडताळणी करणाऱ्या वृक्षरचनेला लागतो आणि एन्क्लेव्हच्या पानांसाठी (मेमरी ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटली जाते त्यांसाठी), म्हणजे ज्याला ईपीसी म्हणतात त्यासाठी, सुमारे ९३ एमबी उरतात. ४ केबीचे एक पान धरले तर ही चोवीस हजारांच्या आसपास पाने झाली. यंत्रावर एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या एन्क्लेव्हना मिळून एवढीच जागा असते.

या पानांचा कारभारी कर्नेल आहे, पण त्याला पानांतला मजकूर वाचता येत नाही. बाहेरून वाचायला गेले तर प्रत्येक बिट १ असल्याचे दिसते, खरा मजकूर येत नाही. कोणते पान कोणत्या एन्क्लेव्हचे आहे, कोणत्या पत्त्यावर आहे आणि त्यावर कोणत्या परवानग्या आहेत याची स्वतंत्र नोंद प्रोसेसर स्वतःजवळ ठेवतो आणि कर्नेलने पेज टेबलमध्ये (कोणता पत्ता मेमरीत कुठे आहे याच्या तक्त्यात) काहीही लिहिले तरी शेवटी ती नोंद जुळल्याशिवाय प्रवेश देत नाही. त्यामुळे ड्रायव्हरची भूमिका विलक्षण होते: जागा त्यानेच द्यायची, त्यानेच काढून घ्यायची, पण आत काय आहे ते पाहायचे नाही आणि काढून घेतलेले जसेच्या तसे परत देण्याची जबाबदारीही त्याचीच. साधी मेमरी सांभाळणाऱ्या कर्नेलच्या यंत्रणेला ही पाने नेहमीच्या पानांसारखी दिसतच नाहीत. ड्रायव्हरने त्यांच्यासाठी स्वतःची यादी, स्वतःची मोजणी आणि स्वतःचा सफाई कामगार उभा केला आहे. समांतर यंत्रणा उभी करण्याबद्दल सुरुवातीला माझ्या मनात शंका होती, पण या पानांना लागणाऱ्या खास सूचनांचा क्रम पाहिल्यावर दुसरा मार्ग व्यवहार्य नव्हता असे माझे मत झाले.

त्या सफाई कामगाराचे नाव केएसजीएक्सडी. हा कर्नेलमधला एक धागा (थ्रेड), म्हणजे मागे स्वतंत्रपणे चालणारे काम आहे. यंत्र सुरू होताच तो आधी सगळी ईपीसी पाने पुसून घेतो. एखादे कर्नेल दुसऱ्या कर्नेलमधून थेट सुरू केले असेल तर जुनी पाने अडकलेली असू शकतात आणि एन्क्लेव्हचे मुख्य पान त्याची बाकीची पाने निघाल्याशिवाय निघत नाही, म्हणून ही पुसणी दोन फेऱ्यांत होते. नंतर तो झोपतो. मोकळी पाने ३२ च्या खाली गेली की त्याला उठवले जाते आणि ती ६४ होईपर्यंत तो १६-१६ पानांच्या गठ्ठ्यांनी पाने बाहेर काढत राहतो. मागणी त्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर जागा मागणारी प्रक्रिया स्वतःच तेच काम करते.

पान बाहेर काढणे हा साध्या स्वॅपसारखा (मेमरीतली पाने डिस्कवर हलवण्यासारखा) प्रकार नाही. ड्रायव्हर वापरातल्या पानांच्या रांगेतून पुढची १६ पाने उचलतो. पेज टेबलमधली खूण पाहून एखादे पान अलीकडे वापरलेले दिसले तर त्याला रांगेच्या शेवटी परत पाठवतो. उरलेल्यांचे पेज टेबलमधले दुवे तोडतो, त्यांच्यावर ईब्लॉक (पानाचा नवा वापर रोखणारी सूचना) चालवतो, आणि मग प्रश्न येतो तो इतर कोअरांचा. एखाद्या कोअरवर तेच एन्क्लेव्ह चालू असेल तर त्याच्या टीएलबीमध्ये (अलीकडे वापरलेल्या पत्त्यांच्या झटपट यादीत) जुना पत्ता अजून असू शकतो. त्या वेळी पान बाहेर काढले तर सुरक्षिततेला भगदाड पडेल, म्हणून जुने पत्ते शिल्लक नाहीत याची खात्री झाल्याशिवाय प्रोसेसर ईडब्ल्यूबी ही बाहेर लिहिण्याची सूचना मान्यच करत नाही.

इथे ड्रायव्हरने घेतलेला निर्णय मला फार आवडला. तो आधी थेट ईडब्ल्यूबी करून पाहतो. प्रोसेसरने नकार दिला तर ईट्रॅक चालवून एन्क्लेव्हमध्ये आधीपासून कोण आहे याचा नवा हिशेब सुरू करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तेव्हाही नकार आला तरच ज्या कोअरांवर ते एन्क्लेव्ह असू शकते तेवढ्यांनाच इंटरप्ट (हातचे काम थांबवण्याचा इशारा) पाठवून बाहेर यायला लावतो आणि तिसऱ्यांदा लिहितो. महाग उपाय शेवटी आणि तोही मोजक्यांपुरता. १६ पानांचा गठ्ठा करण्यामागेही हेच कारण आहे, कारण एकदा इंटरप्ट पाठवून सगळ्यांना बाहेर काढले की गठ्ठ्यातल्या बाकीच्या पानांना तोच खर्च पुन्हा करावा लागत नाही. चार कोअरांच्या माझ्या यंत्रावर हा फरक मर्यादित आहे, पण एन्क्लेव्हचे अनेक धागे एकाच वेळी चालत असतील तर तो ठळकपणे जाणवेल.

याहून मोलाचा निर्णय मात्र दुसरा आहे. बाहेर काढलेले पान प्रोसेसर कूटबद्ध करतो आणि त्याचा एक आवृत्ती क्रमांक ईपीसीमधल्याच एका खास पानातल्या ८ बाइटच्या खणात ठेवतो. परत आणताना क्रमांक जुळला तरच पान स्वीकारले जाते, त्यामुळे कोणी जुनी प्रत पुढे करून फसवू शकत नाही. अशा एका खास पानात ५१२ खण मावतात. आता कल्पना करा की ईपीसी पूर्ण भरलेली आहे, एक पान बाहेर काढल्याशिवाय जागा होत नाही, आणि ते बाहेर काढण्यासाठी खण लागतो, पण खण ठेवायला नवे पान हवे आणि तेच उपलब्ध नाही. ही कोंडी टाळण्यासाठी ड्रायव्हर एन्क्लेव्हमध्ये पान भरतानाच, दर ५१२ पानांमागे एक या प्रमाणात, खणांचे पान आधी बाजूला ठेवतो. प्रत्येक पानाच्या वाट्याचा खण पहिल्या दिवसापासून हजर असतो, म्हणून बाहेर काढण्याचे काम जागेअभावी कधीच अडत नाही. याची किंमत ५१२ ला १, इतकी किरकोळ आहे. आमचे पहिले एन्क्लेव्ह २५६ एमबीचे होते, म्हणजे ६५,५३६ पानांचे. त्याला खणांची १२८ पाने लागली, म्हणजे अवघे ५१२ केबी. ही खणपाने स्वतः मात्र बाहेर काढली जात नाहीत. हार्डवेअर तशी मुभा देते, ड्रायव्हरने ती घेतलेली नाही, आणि माझ्या मते ते योग्य केले. थोडी जागा वाचवण्यासाठी एका खणाचा माग दुसऱ्या खणात ठेवण्याची गुंतागुंत या थरात परवडणारी नाही.

बाहेर काढलेली कूटबद्ध पाने कुठे जातात? ड्रायव्हर प्रत्येक एन्क्लेव्हसाठी साध्या मेमरीत एक अदृश्य फाइल उघडतो आणि त्यात ती ठेवतो. साध्या मेमरीवर ताण आला तर कर्नेल हीच फाइल डिस्कवरच्या स्वॅपमध्येही नेऊ शकतो, त्यासाठी ड्रायव्हरला वेगळे काही करावे लागत नाही. प्रत्येक पानाबरोबर १२८ बाइटची पडताळणीची चिठ्ठी असते आणि अशा ३२ चिठ्ठ्या एका पानात मावतात. या ३२ च्या शेजारातूनच सगळ्यात त्रासदायक दोष उद्भवले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत पान परत आणल्यावरही त्याची बाहेरची प्रत एन्क्लेव्ह बंद होईपर्यंत तशीच पडून राहत असे. २०२२ मध्ये ती लगेच मोकळी करण्याची दुरुस्ती झाली, पण चिठ्ठ्यांचे पान मोकळे करताना त्याच पानावर दुसऱ्या पानाची चिठ्ठी त्याच क्षणी लिहिली जात असू शकते, ही शक्यता निसटली होती. ताण पडला की क्वचित एखादे पान परत येताना पडताळणी फसत असे. त्याच वर्षी काही पॅच येऊन चिठ्ठीचे पान खरोखर रिकामे आहे का याची तपासणी आणि कुलुपांचा योग्य क्रम घातला गेला. जुने ५.१५ वापरत असाल तर आपल्या लिनक्स वितरणाची (उबंटू वगैरे) सगळी ताजी अपडेट घेतल्याशिवाय या ड्रायव्हरवर ताण टाकू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आता आमच्या अनुभवाकडे येतो. पहिल्या रचनेत देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या समुद्राचा नकाशा चौकटींच्या एका मोठ्या सारणीत ठेवला होता आणि प्रत्येक नोंद वाचून तिच्या चौकटीत भर घातली जात होती. इंटेलच्या एसडीकेमध्ये (एन्क्लेव्ह लिहिण्याच्या साधनसंचात) हीपचे, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या मेमरीचे, आकारमान आधी लिहून द्यावे लागते आणि या पिढीच्या प्रोसेसरवर ती सगळी पाने एन्क्लेव्ह सुरू होण्याआधीच भरावी लागतात. ज्या पानाचे मोजमाप घ्यायचे ते २५६ बाइटच्या तुकड्यांनी, म्हणजे सोळा वेळा सूचना चालवून होते. त्यामुळे २५६ एमबीचे एन्क्लेव्ह ९३ एमबीच्या जागेत सुरू होतानाच केएसजीएक्सडी कामाला लागला आणि एन्क्लेव्हने एकही नोंद वाचण्याआधी त्याची अर्ध्याहून अधिक पाने बाहेर गेलेली होती. तरीही ते सुरू झाले, ही ड्रायव्हरची जमेची बाजू. कोणतीही चूक झाली नाही, कोणतेही पान हरवले नाही. फक्त वेग कोसळला.

वेगापेक्षा गंभीर प्रश्न काकांच्या प्रश्नातच होता. ड्रायव्हर पानातला मजकूर पाहू शकत नाही, पण कोणते पान मागितले गेले हे त्याला कळते, कारण पेज फॉल्ट (हवे असलेले पान जागेवर नसल्याचा इशारा) त्याच्याकडेच येतो. प्रोसेसर एवढी काळजी घेतो की एन्क्लेव्हमधल्या फॉल्टच्या पत्त्याचे खालचे १२ बिट शून्य करून देतो, म्हणजे पानातली नेमकी जागा झाकली जाते, पण पान झाकले जात नाही. कर्नेलच शत्रू मानला तर केवळ पानांच्या क्रमावरून एन्क्लेव्हमधली माहिती उलगडता येते, हे २०१५ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले होते. आमच्या सारणीत तर प्रत्येक पान म्हणजे समुद्राचा एक ठरावीक तुकडा होता. एका नौकेच्या नोंदी चालू असताना कोणती पाने हलली हे मी लिहून ठेवले असते, तर त्या नौकेचा मार्ग मला जवळजवळ रेखाटता आला असता. काकांना "दिसणार नाही" असे सांगण्याचा अधिकार मला त्या रचनेत नव्हता.

हा ड्रायव्हरचा दोष नाही, कारण पानांचा कारभार कर्नेलकडे ठेवण्याच्या मूळ आराखड्यातूनच तो येतो. पण ड्रायव्हर वापरणाऱ्याला याची जाणीव आधी असली पाहिजे. सरळ उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी नकाशाची सगळी पाने एकदा स्पर्शून जाणे, जेणेकरून खरे पान कोणते ते कळू नये. हा उपाय ड्रायव्हरच्या रांगेला सर्वांत जास्त छळतो. रांगेतून पुढची पाने बाहेर जातात, आणि सारणी जागेपेक्षा मोठी असून तिच्यावरून क्रमाने फेऱ्या मारल्या तर जे पान लवकरच लागणार आहे नेमके तेच बाहेर गेलेले असते. अलीकडच्या वापराची खूण पाहण्याचा नियम इथे काही मदत करत नाही, कारण पुढची फेरी येईपर्यंत सगळ्याच पानांच्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात. गोपनीयता म्हणते सगळीकडे फिरा, मेमरीची रचना म्हणते थोडक्यात रहा.

या पेचातून बाहेर पडायला मला तीन आठवडे लागले आणि उत्तर मिळाले ते ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये नाही, तर आमच्या गणिताच्या क्रमात. मोठी सारणीच काढून टाकली. सगळ्या नौकांच्या नोंदी एन्क्लेव्हमध्ये एकत्र आणून स्थानानुसार क्रमाने लावायच्या आणि त्यासाठी संगणकशास्त्रज्ञ बॅचर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या जाळीच्या पद्धतीची क्रमवारी वापरायची, जिच्यात कोणत्या दोन जागांची तुलना कधी होईल हे आधीच ठरलेले असते आणि नोंदींत काय आहे यावर ते मुळीच अवलंबून नसते. मग क्रमाने एकच फेरी मारून, किमान तीन नौकांची जाळी जिथे फाटली तेवढ्याच जागा बाहेर द्यायच्या. पानांचा क्रम आता दरवेळी सारखाच असतो, मग नोंदी कोणाच्याही असोत. शिवाय सगळे एन्क्लेव्ह ४० एमबीच्या आत आले, त्यामुळे पाने बाहेर काढण्याची वेळच क्वचित येते. पुढच्या बैठकीत मी काकांना स्वच्छ शब्दांत "नाही" असे उत्तर दिले आणि का नाही तेही समजावून सांगितले.

ड्रायव्हरच्या ज्या उणिवा मला खऱ्या अर्थाने खटकल्या, त्यांतली पहिली म्हणजे सगळ्या एन्क्लेव्हसाठी असलेली एकच सामाईक रांग. ५.१५ मध्ये एखाद्या एन्क्लेव्हला किंवा प्रक्रियांच्या गटाला ईपीसीची मर्यादा घालता येत नाही. आमचे डिझेलच्या हिशेबाचे दुसरे, बेशिस्त एन्क्लेव्ह सुरू झाले की त्याच्या फेऱ्यांमुळे नकाशाच्या एन्क्लेव्हची पाने बाहेर जात. एकाचा हावरेपणा सगळ्यांना भोगावा लागतो. शेवटी दोन्ही कामे एकाच वेळी चालू नयेत अशी व्यवस्था आम्ही बाहेरून केली. ज्यांना एकाच यंत्रावर वेगवेगळ्या ग्राहकांची एन्क्लेव्ह चालवायची आहेत, त्यांनी हा मुद्दा सर्वांत आधी तपासावा.

दुसरी उणीव दृश्यतेची. ईपीसी किती भरली आहे हे पाहण्याची सोय ५.१५ मध्ये नाही. यंत्र सुरू होतानाच्या संदेशांत पत्त्यांचा पल्ला दिसतो, त्यावरून एकूण जागा काढता येते, एवढेच. नंतरच्या आवृत्त्यांत प्रत्येक नोडची (मेमरीच्या गटाची) एकूण ईपीसी दाखवणारी फाइल आली, पण तीही वापर सांगत नाही. पाने बाहेर जात आहेत हे मला अप्रत्यक्षपणे, साध्या मेमरीतला सामाईक वापर वाढताना पाहून कळले. ती वाढ ज्याच्या एन्क्लेव्हमुळे झाली त्याच्या खात्यावर न पडता भलतीकडे मोजली जात असे, हा दोष लिनक्स ५.१९ मध्ये दूर झाला.

आभासी यंत्रांसाठी ५.१३ पासून वेगळे उपकरण आहे. मी ते फार वापरलेले नाही. आभासी यंत्राला दिलेली पाने यजमान कर्नेल परत काढून घेत नाही, त्यामुळे तिथे हात राखूनच जागा द्यावी लागते.

मोठ्या सर्व्हरांचे चित्र निराळे आहे. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या झिऑनवर एका सॉकेटमागे (एका प्रोसेसरमागे) ५१२ जीबीपर्यंत ईपीसी मिळू शकते. त्यासाठी अखंडतेचा वृक्ष सोडून देण्यात आला, म्हणजे मेमरीच्या तारांपर्यंत ज्याचा हात पोहोचतो त्याच्याविरुद्धचे संरक्षण कमी झाले. तिथे पाने बाहेर काढण्याची वेळ क्वचितच येईल, पण वेगळे प्रश्न उभे राहतात. अवाढव्य एन्क्लेव्ह बंद करताना एकेक पान सोडण्यात इतका वेळ जाई की कर्नेल अडकल्याचा इशारा देत असे, त्याची दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. ६.० पासून चालू एन्क्लेव्हमध्ये गरजेनुसार पाने वाढवण्याची आणि काढण्याची सोयही आली आहे आणि माझ्या प्रोसेसरला ती चालत असती तर हीप आधी भरण्याचा सगळा त्रास वाचला असता. घरगुती कोअर प्रोसेसरांतून ११ व्या पिढीपासून एसजीएक्स काढून टाकले गेले आहे, म्हणून नवा लॅपटॉप घेऊन हा प्रयोग करायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी एक व्यावहारिक बाब. ईपीसीची किल्ली प्रोसेसरमध्येच असते आणि यंत्र झोपी गेले किंवा वीज गेली की ती नष्ट होते. जागे झाल्यावर ड्रायव्हर जुनी पाने परत आणू शकत नाही, प्रोग्रामला चूक कळवतो आणि त्याने एन्क्लेव्ह पहिल्यापासून उभारायचे असते. जुलैत एका रात्री सोसाट्याच्या वाऱ्यात तार तुटून आमच्याकडे सलग नऊ तास वीज नव्हती, इन्व्हर्टर संपला आणि अर्धवट झालेली क्रमवारी गेली. तेव्हापासून प्रत्येक टप्प्यानंतर एन्क्लेव्ह आपली स्थिती स्वतःच्या किल्लीने बंद करून डिस्कवर ठेवते. चूक कळवण्याची पद्धत मात्र नीटनेटकी आहे. ड्रायव्हरबरोबर येणारे प्रवेशाचे फंक्शन नेमका कोणता अपवाद घडला ते सिग्नलच्या गोंधळाशिवाय थेट परत सांगते, त्यामुळे पुन्हा उभारणीचा भाग लिहायला मला एक दुपार पुरली.

ज्याचे एन्क्लेव्ह उपलब्ध ईपीसीच्या निम्म्यात बसते, ज्याच्या यंत्रावर दुसऱ्या कोणाची एन्क्लेव्ह नाहीत आणि जो कर्नेल अद्ययावत ठेवू शकतो, त्याला मी हा ड्रायव्हर निःशंकपणे सुचवेन. ज्याला मोठ्या सारण्यांवर मोकळेपणी फिरायचे आहे त्याने आधी मोठ्या ईपीसीचा सर्व्हर पाहावा, किंवा आमच्यासारखा गणिताचा क्रम बदलावा.

१ ऑगस्टला नौका पुन्हा पाण्यात गेल्या. पहिल्या आठवड्याच्या नोंदी रविवारी रात्री एन्क्लेव्हमध्ये गेल्या आणि सोमवारी सकाळी आचऱ्यासमोरच्या पाण्यात जाळी फाडणाऱ्या चार जागा नकाशावर आल्या. त्यातली एक काकांनी ओळखली, बाकीच्या तीन त्यांना नव्या होत्या.